चहापरीक्षकाची नाडी

हृदयाच्या सीटी स्कॅनला येणाऱ्याला आम्ही आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद करायला सांगतो. नाडी शांत असली तरच हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो स्वच्छ येतो. लुगूसारख्या चहाच्या गावात हे सांगताना माझंच तोंड कडू होतं, पण बहुतेक जण ऐकतात.

चान चिन-फू मात्र पंच्याण्णवची नाडी घेऊन आले. चढावर छाती आवळते म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाठवलं होतं. गावच्या चहास्पर्धेचे ते ज्येष्ठ परीक्षक. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी होती.

"मास्तर, चहा घेतलात?" मी विचारलं.

"एक घोटही नाही. सकाळी नुसती चव बघितली."

"किती कपांची?"

"टेबलभर होते. थुंकतो आम्ही, पोरी. पोटात जात नाही."

एवढे भुरके मारल्यावर थोडा तरी उतरतोच. मी त्यांना दुसरी तारीख द्यायला निघाले.

"स्पर्धेनंतरची दे," ते चटकन म्हणाले. चेहरा एकदम खुलला होता.

त्यांची बायको शू-चेन शेजारीच बसली होती. "तारीख देऊ नका," ती म्हणाली. "उपाशीपोटी चाखलं की छाती धडधडते, हे जन्मभर दुसऱ्यांना शिकवतायत. ह्यांना माहीत नव्हतं होय? सासरेही परीक्षकच, चहा चाखता चाखता टेबलापाशीच हृदय बंद पडून गेले. ह्यांना फोटो बघायचाच नाहीये."

"काहीतरीच बोलतेस," चान म्हणाले, पण माझ्याकडे बघेनात.

मला राग आला. स्वतःला फसवणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांच्या बायका आवडतात. डॉक्टरांना विचारून मी नाडी उतरवायची गोळी दिली आणि त्यांना समोरच बसवून ठेवलं. तासाभराने नाडी खाली आली. सांगितलं तेव्हा श्वास रोखून ते मशीनमध्ये निमूट पडून राहिले.

डाव्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीत रक्ताला जेमतेम सुईएवढी वाट उरली होती. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं आणि घरी न जाता इथूनच मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं.

चाननी स्पर्धेच्या लोकांना फोन लावला. "उद्या माझ्याशिवाय उरका." पलीकडचा काही विचारत होता, त्याला उत्तर न देता त्यांनी फोन ठेवला.

मग बायकोला म्हणाले, "मी घाबरलो होतो गं."

"माहितीये," ती म्हणाली. "रात्र रात्र तुमचा श्वास ऐकत पडायचे मी. चपला घाला आता."