चार दिशा आणि एक अंगठा

मित्रांनो, माझ्या पोटात फक्त पाच जोड आहेत. चार दिशांचे चार आणि बटणाचा एक. जोड मिटला की त्यातून वीज वाहते आणि संगणकाला कळतं. जोड उघडा राहिला तर काहीच कळत नाही. मधलं काही सांगण्याची सोय माझ्यात नाही. मी एक जुनी जॉयस्टिक आहे, वय चाळीसच्या आसपास. एवढ्याशा बोलीवर मी आजवर काय काय पाहिलं, हे आठवलं की माझं मलाच नवल वाटतं.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. काळं प्लास्टिक साच्यात घालून माझी चौकोनी पेटी तयार केली, मधोमध दांडा बसवला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल बटण. डाव्या हाताने पेटी धरायची, त्याच हाताच्या अंगठ्याने बटण दाबायचं आणि उजव्या हाताने दांडा हलवायचा. मला घडवणाऱ्यांनी सगळ्या माणसांचे हात एकसारखे धरले होते. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते.

तेव्हा घरगुती संगणक म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड असे. तो टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटवरून चढवायचा. असा एक संगणक आणि त्याच्याबरोबर मी, १९८७ साली कर्वेनगरला संपतरावांच्या घरी आलो. संपतराव खडकवासल्याच्या रस्त्यावर एका प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करत. त्यांच्या पत्नी मथुराबाई शाळेत विज्ञान शिकवत. रविवारी सोसायटीतली मुलं दाराबाहेर चपला काढून आत येत आणि कॅसेट पाच मिनिटं किरकिरत फिरेपर्यंत मांडी घालून गप्प बसत. मग पडद्यावर एक छोटी होडी उमटे. कुणीतरी माझा दांडा उजवीकडे झुकवी आणि होडी उजवीकडे जाई. टीव्हीतलं काहीतरी आपल्या हातानं हलतंय, हे त्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं असे. त्यांची वासलेली तोंडं मला अजून आठवतात.

पुढे नवे संगणक आले. मला बुटांच्या खोक्यात घालून न्हाणीघरावरच्या माळ्यावर ठेवलं गेलं. तिथं मी वीस वर्षांहून जास्त काळ होते. माझी तार कडक झाली, जोडांवर काळपट थर चढला. राग नव्हता मला. जोड उघडे असले की मला काही म्हणताच येत नाही.

निवृत्तीनंतर संपतरावांनीच मला खाली काढलं. जुने घरगुती संगणक जपणारी दहा-बारा माणसं महिन्यातून एकदा कोथरूडला जमतात, हे त्यांना कळलं होतं. तिथं मला साफ करून नेलं आणि चार लोकांनी मला हातात घेऊन वाहवा केली. हळूहळू सगळे आपापल्या जॉयस्टिक संपतरावांकडे आणू लागले. कुणाची बोटं सांधेदुखीने वळत नसत, त्यांच्या दांड्यावर ते सायकलच्या मुठीचं रबर चढवून देत. एका जातीच्या संगणकाची जॉयस्टिक दुसऱ्या जातीच्या संगणकाला चालावी म्हणून मधली तार करून देत.

काम करण्याची त्यांची एक रीत होती. आधी पेटी उघडून तारा जशा आहेत तशी आकृती काढायची आणि तारीख घालायची. जुन्या पेटीला कधी भोक पाडायचं नाही. काढलेला प्रत्येक भाग कागदी पुडीत घालून त्यावर नाव लिहायचं. आपण केलेला बदल पुढच्या माणसाला पुसता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मागच्या वर्षी कर्वे रस्त्यावर त्यांची स्कूटर घसरली. हाड मोडलं नाही, पण उजव्या खांद्यातल्या नसा ताणल्या गेल्या. हात दोरीसारखा लोंबू लागला. चार महिन्यांनी हात उचलता येऊ लागला, बोटंही मिटू लागली, पण अंगठा किंचितच हले, बस एवढंच. सुहाना नावाची मुलगी आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला येई. तिने स्पष्ट सांगितलं की खांद्यातली नस परत वाढताना दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकते. ती अंगठ्याशी पोहोचेपर्यंत स्नायू जागे ठेवायला हवेत. पुढचे सहा महिने असेच गेले, तर अंगठा कदाचित कामाचा राहणार नाही.

अंगठा नाही म्हणजे चिमटा नाही, तारांना डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री नाही. संपतरावांनी कोथरूडच्या मंडळींना कळवून टाकलं की यापुढे माझ्याकडे काही आणू नका. सुहानाने दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी खणात टाकला. चेंडू दाबून काय होतं, असं ते विचारत. मथुराबाई म्हणाल्या, "काही होत नाही, काही बिघडतही नाही. म्हणूनच तुम्हाला दिलाय."

एक दिवस सुहानाचं लक्ष फडताळावर माझ्याकडे गेलं. हे काय, असं तिने विचारलं आणि एरवी दोन शब्द न बोलणारे संपतराव अर्धा तास माझ्याबद्दल बोलत राहिले.

"म्हणजे काका, हे बटण अंगठ्यानेच दाबतात ना?"

"डाव्या."

"मग ते उजवीकडे आणा की."

संपतरावांनी मला फडताळावरून खाली घेतलं. मग त्यांनी डाव्या हाताने मला टेबलावर पाव वळण फिरवलं. डाव्या कोपऱ्यातलं बटण उजव्या कोपऱ्यात आलं. एवढंच. प्लास्टिकचा कण न कापता मी डाव्या हाताची जॉयस्टिक झाले होते. फक्त आता वरचा जोड उजवीकडे आला होता, उजवीकडचा खाली, आणि म्हणून आतल्या चारही तारा एकेक घर सरकवायला हव्या होत्या.

त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी आकृती काढली. प्रत्येक तार घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एक घर. डाग द्यायला मथुराबाई बसल्या. त्यांनी आयुष्यात ती इस्त्री हातात धरली नव्हती, पण शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती. चष्मा पुसून त्यांनी आकृतीबरहुकूम चारही तारा हलवल्या. आवाज नाही, घाई नाही.

कॅसेट चढली. संपतरावांनी दांडा उजवीकडे नेला. होडी डावीकडे गेली. वर नेला, होडी खाली. चारही दिशा बरोबर उलट्या. "या घरात मी सांगेन त्याच्या उलट होतं, ते आता हिलाही समजलं," असं संपतराव म्हणाले.

मथुराबाईंनी आकृती उचलून बघितली. "ही वरून पाहिलेली आहे. पेटीचे स्क्रू खाली आहेत. मी तारा खालून पाहिल्या, आणि खालून घड्याळ उलटं फिरतं. कुठून पाहिलं ते तुम्ही लिहिलंच नाही. मुलांना मी याचे अर्धे गुण देते."

चाळीस वर्षं संपतराव स्वतःसाठी आकृत्या काढत आले होते. कुठून पाहिलं हे लिहायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती, कारण वाचणारे डोळेही त्यांचेच असत. त्यांनी खाली मान घालून आकृतीच्या डोक्यावर लिहिलं, 'वरून पाहताना'. तारा पुन्हा बदलल्या आणि होडी सांगितल्या दिशेने निघाली.

पण मित्रांनो, बटण दबत नव्हतं. माझ्या बटणाखाली कारखान्यात बसवलेली पत्र्याची पालथी वाटी असते. ती वाकून खालच्या जोडाला टेकली की वीज वाहते. धडधाकट माणसाला तिचा ताठरपणा जाणवतही नाही. संपतरावांचा अंगठा तिला वाकवू शकत नव्हता. खडक आला की बटण दाबून होडीला उडी मारायला लावायची असे. ते दाबत, होडी जाऊन आदळे.

त्या दिवसांत मी जे अनुभवलं ते मला कुणालाही सांगता आलं नाही. तो अंगठा वाटीवर यायचा आणि थरथरायचा. सोमवारी वाटी केसभर वाकली. बुधवारी त्याहून थोडी जास्त. शनिवारी आणखी. खांद्यापासून अंगठ्यापर्यंत एक नस अंधारात वाट काढत येत होती आणि तिची प्रत्येक चाहूल माझ्या पत्र्याला लागत होती. पण पडद्यावर होडी रोज त्याच खडकावर फुटत होती. जोड मिटला नाही, तर माझ्याजवळ शब्दच नाही.

नवव्या दिवशी संपतरावांनी मला बाजूला सारलं. तेव्हा सुहानाने आपलं बोट त्यांच्या अंगठ्याखाली धरलं आणि दाबायला सांगितलं. "काका, मागच्या आठवड्यापेक्षा जोर नक्की जास्त आहे. फक्त बटणाला कळत नाहीये."

"त्याची चूक नाही," संपतराव म्हणाले. "त्याला एवढंच सांगता येतं." मला पुन्हा जवळ ओढत म्हणाले, "मग आपणच त्याच्या जवळ जाऊ."

वाटी निघाली आणि 'बटण, मूळ वाटी' असं नाव लिहिलेल्या पुडीत गेली. तिच्या जागी जुन्या उपकरणातली पितळेची पातळ पट्टी बसली. मग संपतरावांनी एक लग्नपत्रिका मागवली, सूक्ष्ममापकात धरून तिची जाडी मोजायला लावली, ती पाव मिलिमीटर भरली, आणि मथुराबाईंनी तिचे पाच चौकोन कापले. ते बटण आणि पट्टी यांच्यामध्ये ठेवले की मधली जागा भरून येई. अंगठा पाव मिलिमीटर हलला तरी जोड मिटे. होडीने पहिल्या खडकावरून उडी मारली. संपतरावांनी तिला दुसऱ्या खडकावरून उडी मारायला लावली, मग तिसऱ्या.

दर रविवारी मथुराबाई मला उघडून एक चौकोन काढत आणि आकृतीवर तारीख घालत. चौकोन निघाला की अंगठ्याला पाव मिलिमीटर जास्त चालावं लागे. लग्नपत्रिकेच्या कागदाने माणसाच्या नसेची वाढ मोजली जाते, हे मी पाहिलं. पाचही चौकोन निघाले. त्यानंतर वाटीचा विषय निघाला, तेव्हा मात्र संपतरावांनी साफ नकार दिला. ते माझ्याच्याने व्हायचं नाही, त्या पुडीला हात लावू नकोस, असं म्हणाले. मथुराबाई बरं म्हणाल्या.

एका सकाळी खेळ सुरू करताना बटणावर अंगठा टेकवून संपतराव कुरकुरले, "आज बटण कडक लागतंय."

"थंडी आहे," मथुराबाई भाजी निवडत म्हणाल्या.

होडी पहिल्या खडकापाशी आली. अंगठा खाली गेला, अडला, आणखी खाली गेला आणि माझ्यातून आवाज आला. टक. पितळेची पट्टी मुकी असते. वाटी वाकताना वाजते. जन्मभर उपकरणं दुरुस्त केलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही.

संपतरावांचा हात थांबला. होडी पुढच्या खडकावर फुटली, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"कधी बसवलीस?"

"काल रात्री. आकृतीवर तारीख आहे. पण तुम्ही आकृती वाचता कुठे?"

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. मग त्यांनी चिमटा मागितला. मथुराबाईंनी त्याबरोबर काढलेली पितळेची पट्टीही टेबलावर ठेवली. उजव्या हातात चिमटा धरून संपतराव ती उचलायला गेले, ती निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. मथुराबाई भाजी निवडत राहिल्या, मदतीला उठल्या नाहीत. तिसऱ्यांदा पट्टी चिमट्यात राहिली. संपतरावांनी ती सावकाश पुडीत सोडली आणि पुडीवर उजव्या हातानेच नाव लिहिलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं होतं.

मित्रांनो, मी एक साधी वस्तू आहे आणि तुम्हाला माझं एकच मागणं आहे. घरातली जुनी वस्तू एखाद्या हाताला बसत नसेल, तर ती टाकून देण्याआधी जरा फिरवून बघा. ती उघडताना आधी होती तशी आकृती काढा आणि कुठून पाहिलं तेही लिहा. आणि कुणी धडपडत असेल, पण तुम्हाला काहीच घडताना दिसत नसेल, तर काही घडत नाही असं ठरवू नका. ते केसभर घडत असेल.

परवा कोथरूडहून एक खोकं आलंय. आत तीन बिघडलेल्या जॉयस्टिक आहेत. संपतराव पहिलीचे स्क्रू काढताहेत, आणि मथुराबाई समोर बसून हात न लावता बघताहेत.