बयनाबाईंनी भाकर सोडली तेव्हा

मी काठवट बोलतेय. जैनथच्या मोटार स्टँडसमोर बयनाबाईंची खानावळ होती ना, तिथली. सागाची, पसरट, मधे जराशी खोलगट. माझ्यात पीठ मळायचं आणि माझ्यातच भाकर थापायची, एवढंच माझं काम.

सुताराने कोरून मला जत्रेत मांडलं. महिपतरावांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि नव्या नवरीसाठी डोक्यावर घेऊन घरी आणलं. बयनाबाईंनी मला तेल चोळलं आणि लाजत म्हणाल्या, "माह्या मायच्या काठवटीपेक्षा मोठी हाय." त्या दिवसापासून मी त्यांना हातांवरून ओळखत आले. खुशीत असल्या की थाप हलकी पडायची. मनात काही सलत असलं की तीच थाप जड व्हायची.

पुढे त्या दोघांनी खानावळ काढली. कापसाचे गाडीवाले, शाळेचे मास्तर, कचेरीत निघालेले शेतकरी, सगळे जेवायला यायचे. आदिलाबादच्या बसचे कंडक्टर डोमाजी तर घरचेच झाले होते. "वैनी, लवकर वाढा, गाडी उभी हाय!" असं ओरडतच ते आत शिरायचे. काय दिवस होते ते! पीठ सुकायलाही मला फुरसत नसे.

मग अठ्ठ्याऐंशी साली बयनाबाईंना सारखी तहान लागू लागली. पायाची जखम भरेना. महिपतराव त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात घेऊन गेले. परत आल्यावर त्या चुलीपुढे नुसत्याच बसून राहिल्या.

"साखरेची बिमारी हाय म्हणते डॉक्टर," त्या डोमाजींना म्हणाल्या. "भाकर, भात, गूळ, समदं बंद."

"गोळी नाई देली?"

"आताच नाई म्हणते. पयले खाणं बदलून पाहा म्हणते."

"मी बी सोडतो भाकर," महिपतराव तावातावाने म्हणाले. "दोघं मिळून राहू." दुसऱ्याच दिवशी ते कोपऱ्यात पाठमोरे बसून दोन भाकरी खाताना सापडले. बयनाबाई हसल्या. त्यानंतर मात्र बरेच दिवस त्या हसल्या नाहीत.

हात तेच होते, पण मला ओळखू येईनात. पीठ मळता मळता त्या मधेच थांबायच्या आणि पिठाच्या हाताने कपाळ दाबायच्या. डोकं सारखं ठणकायचं. अंगात त्राण नसायचं. पोटऱ्यांत पेटके यायचे, तेव्हा पाय लांब करून बसावं लागे. पोट साफ होईना, म्हणून चिडचिड वेगळीच. आणि या सगळ्यात समोर तव्यावर भाकर टम्म फुगायची. तिचा वास साऱ्या घरात भरायचा. लोकांना वाढायची, आपण मात्र खायची नाही.

त्यात भाजीवाल्या रेणुकाबाई सांगून गेल्या, "साखर वाईट त मीठ बी वाईटच असन, बाई." झालं! बयनाबाईंनी मीठही सोडलं. तेलातुपाला भिऊन तेही सोडलं. नुसती उकडलेली भाजी खाऊन त्या दिवसभर चुलीपुढे बसू लागल्या.

एका दुपारी डोमाजी नेहमीसारखे ओरडत आले. "वैनी, गाडी उभी हाय!"

"उभी हाय त गाडीतच जेवा!" बयनाबाई कडाडल्या. "माह्या जिवाचं काऊन कोणी पाहत नाई?"

बयनाबाई उठायला गेल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन माझ्याच काठाला धरून खाली बसल्या. पीठ जमिनीवर सांडलं. जरा सावरल्यावर त्यांनी मला उचललं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "उद्यापासून खानावळ बंद," त्या म्हणाल्या. "पीठ पाह्यलं की जीव जाते माहा."

इतकी वर्षं त्यांच्या पुढ्यात होते मी. त्या दिवशी पहिल्यांदाच भिंत पाहिली.

मागून डोमाजींचा आवाज आला. राग नव्हता त्यात. "वैनी, माही गाडी खरंच उभी हाय. तुमी दोघं बसा तिच्यात. डॉक्टरलेच विचारू, असं काऊन होऊन राह्यलं."

जेवण तसंच टाकून ते त्यांना घेऊन गेले.

दिवेलागणीला सगळे परतले. महिपतरावांना सांगितल्यावाचून राहवेना. "डॉक्टर म्हणे, भाकर सोडली त खाता काय? हे म्हणते, बिनमिठाची भाजी. डॉक्टरनं कपाळाले हात लावला!"

"मीठ सोडा असं त्यायनं सांगितलंच नव्हतं," बयनाबाई ओशाळून म्हणाल्या. "माहं बी.पी. चांगलं हाय म्हणे. भाकर एकदम बंद झाली की अंगातलं पाणी अन् मीठ भराभर उतरते. डोकं, पेटके, समदं त्याच्यानंच. मीठ टाकून ताक पे म्हणे. रस्सा पे, अंडे खाय, पोटभर खाय. सुरुवातीचे दिवस असेच कठीण जाते, मंग उतरते म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाठीवर हात पडला. "चाल वं," त्या मला म्हणाल्या, "माणसं उपाशी हायत."

चुलीशेजारी जिरं-मीठ घातलेल्या ताकाचा तांब्या आला. वांग्याच्या भरतावर तेल आलं, कधी कोंबडीचा पातळ रस्सा उकळू लागला. रेणुकाबाई आंबाडीची जुडी मुकाट्याने ठेवून जायच्या. आधी पेटके गेले, मग डोकं ठणकायचं थांबलं. चिडचिड कधी गेली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र एका सकाळी कळलं. थाप हलकी पडली होती.

पुढच्या उन्हाळ्यात जखम भरून आली, तेव्हा डॉक्टरांनी चतकोर भाकरीची परवानगी दिली. महिपतरावांनी तव्यावरून उतरलेली भाकर मोडली आणि चतकोर बायकोच्या हातात ठेवली. "आताच खाय. गिऱ्हाइकं थांबतीन."

बयनाबाई डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिल्या.

"कशी लागली?" महिपतरावांनी विचारलं.

"एवढे वर्सं थापून राह्यली," त्या हळूच म्हणाल्या. "गरम भाकर मी आजच खाल्ली."

सगळ्यांचं जेवण उरकल्यावर टोपलीच्या तळाशी जी गार, मोडकी उरायची, तीच त्यांची असायची. महिपतराव तव्याकडे पाहत राहिले.

आता नव्वदचं दशकही सरत आलं. खानावळ बंद होऊन घरात गॅस आला, सून गयाबाईने स्टीलची परात आणली. मला तडा गेलाय. अंगणात म्हशीची सरकी माझ्यात भिजते. बयनाबाई ठणठणीत आहेत, येता-जाता माझ्यावरून हात फिरवतात.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी जी कोणी भाकरी थापते, तिला एक भाकर आधी वाढा. ती नको म्हणेल. तरी वाढा.