आधी पालकांनी पडायचं

"एका बोटाने दाखव. नेमकं कुठे दुखतंय?"

मुलीने आधी आईकडे पाहिलं आणि मग मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला, एक बोट टेकवलं. प्लास्टरवाल्याने मान डोलावली. हाड कुठे मोडलंय हे डॉक्टरांनी एक्स-रे बघून केव्हाच सांगितलं होतं, त्यामुळे त्याने विचारायची तशी काही गरज नव्हती. पण हाडांच्या विभागातल्या त्या अरुंद, कायम ओलसर खोलीत इतकी वर्षं काढल्यावर त्याने मनाशी एक खूणगाठ बांधली होती. मूल एक बोट टेकवतं तेव्हा तिथे खरंच दुखत असतं. अख्खा तळहात पसरतं तेव्हा ते नुसतं घाबरलेलं असतं. घाबरलेल्यांना तो आधी थोडं हसवायचा आणि मगच कापूस हातात घ्यायचा.

"कशाने झालं?"

"बास्केटबॉल," मुलगी म्हणाली. "पण मी चेंडू सोडला नाही, काका. पडले तरी सोडला नाही."

"फार मोठा पराक्रम केलास," आई म्हणाली.

त्याने हाताभोवती कापूस गुंडाळला, प्लास्टरची पट्टी बादलीत धरली, बुडबुडे थांबल्यावर हलकेच पिळली आणि कोपरापासून बोटांकडे फिरवत नेली. "आता जरा गरम लागेल. घट्ट व्हायला लागलं की ते असंच करतं." मुलीचं मात्र गरम-गार कशाकडेच लक्ष नव्हतं. ती भिंतीला टांगलेल्या गोल पात्याच्या करवतीकडे बघत होती.

"ती कशाला?"

"प्लास्टर काढायला."

"आणि हात कापला तर?"

हा प्रश्न रोजचाच. त्याने हात कोरडे केले, करवत सुरू केली आणि ते घरघरणारं पातं सरळ स्वतःच्या तळहाताला लावलं. "हे बघ. आधी माझ्यावर. मला काही झालं का?" ते पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं आणि मऊ कातडीला नुसत्या गुदगुल्या करतं. मुलगी हसली आणि लगेच म्हणाली, "मग कधी काढणार? आमची मॅच आहे."

आईने कपाळाला हात लावला. "ऐकलंत? अहो काका, तुम्ही रोज बघता. तुम्हीच सांगा, हिला आता कुठल्या खेळात घालू? काहीतरी असेलच ना, ज्यात काही मोडत नाही."

एरवी तो बेधडक सांगायचा, पोहायला घाला. आज तो बादलीतल्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिला. हाच प्रश्न त्याच्या घरी ठाण मांडून बसला होता आणि शनिवारी त्याला उत्तर द्यायचं होतं.

त्याच्या मुलीला घरात भिंगरी म्हणत. चालायला लागली तीच गिरक्या घेत, म्हणून भिंगरी. लहानपणी शाळा सुटली की ती प्लास्टरच्या खोलीत येऊन स्टुलावर बसायची आणि उरलेल्या पट्ट्यांनी बाहुल्यांचे पाय बांधायची. बाहुलीलाही विचारायची, "एका बोटाने दाखव." बाहुलीची बोटं चिकटलेली असल्यामुळे उत्तर मिळायचं नाही. मग ही स्वतःच ठरवून टाकायची, "ही नुसती घाबरलीय."

मोठी झाली तशी तिला खेळायची ओढ लागली आणि बापाने नन्नाचा पाढा लावला. फुटबॉल म्हटलं की त्याला घोटे आठवायचे. जिम्नॅस्टिक्स म्हटलं की कोपरं, स्केटिंग म्हटलं की मनगटं. लोकांना खेळ म्हटल्यावर मैदान दिसतं, ह्याला एक्स-रे दिसायचे. पोहायला मात्र त्याने स्वतः नेऊन घातलं. तिथे काठावरच्या ओल्या फरशीवरून एक मुलगा घसरला आणि दुसऱ्या दिवशी पाय घेऊन ह्याच्याच समोर आला. पोहणं बंद. मग बुद्धिबळ. बुद्धिबळात काय मोडणार? काही महिने सुखात गेले. भिंगरी तिथे बसून जांभया देते हे त्याला माहीत होतं, पण जांभईने जबडा निखळल्याची केस त्याने अजून पाहिली नव्हती. मग एका सकाळी त्याच क्लासच्या जिन्यावरून गडगडलेला मुलगा कोपर धरून आत आला. प्लास्टरवाल्याने त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की बुद्धिबळच ना?"

त्या दिवसापासून त्याचं डोकं जे भंजाळलं ते आजतागायत. आणि अशात भिंगरीने ज्युडोचं नाव काढलं. शाळेच्या हॉलमध्ये नवीन क्लास सुरू झाला होता. आईबरोबर जाऊन ती थोडे दिवस बघूनही आली होती.

"ज्युडोत नेमकं करतात काय?" त्याने बायकोला विचारलं होतं.

"एकमेकांना उचलून आपटतात," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. ती बेकरीत कामाला होती, पहाटे उठायची, आणि संध्याकाळी तिच्याकडे शब्द फार उरलेले नसत.

"आपटतात?"

"रीतसर आपटतात. आधी नमस्कार करून."

"मी जन्मभर आपटलेल्यांना गुंडाळतोय आणि माझीच पोरगी पैसे भरून आपटून घेणार?"

"तुमच्याकडे न मोडलेलं पोर कधी येतं का हो?" बायकोने घडी बाजूला ठेवली. "दिवसभर माझ्यासमोर नुसते जळालेलेच पाव आणून ठेवले, तर मीही म्हणेन की भट्टीच बंद करा."

हे त्याला पटलं. पटलं म्हणूनच राग आला. "जळालेल्या पावाला दुखत नाही," तो म्हणाला.

बायकोने आणखी एका कपड्याची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाली, "ती आता भांडत नाही, हे लक्षात आलंय का तुमच्या? फुटबॉलच्या वेळी आठवडाभर जेवली नव्हती धड. स्केटिंगला दार आपटलं होतं. ह्या वेळी काय म्हणाली माहितीय? बाबा नको म्हणेल, तर नको. बस्स. मला हे नाही आवडलं."

तो भिंगरीच्या खोलीत गेला. ती पलंगावर उताणी पडून छताकडे बघत होती.

"भिंगरे, तुला खरंच शिकायचंय का ते?"

"तू सांगशील तसं."

"तसं नाही. तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही, बाबा." हे ती चिडून म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती अगदी सरळ म्हणाली.

खरं तर त्याची काळजी मिटायला हवी होती. ज्या मुलीला काही नकोच आहे, तिचं काय मोडणार? पण काळजी मिटली नाही. प्लास्टर काढल्यावर आतला हात कसा निघतो ते त्याने रोज पाहिलं होतं. हाड छान जुळलेलं असतं आणि हात मात्र बारीक, फिकट, जणू दुसऱ्याच कुणाचा. पोरं स्वतःच्याच हाताला घाबरून हात लावत नाहीत. हे त्याला आत्ताच का आठवावं, ते त्याचं त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना विचारून पाहिलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "मला विचारू नकोस. आमच्याकडे बायको ठरवते, मी फक्त जोडतो." सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "खेळाचं काय घेऊन बसलात? माझी नणंद न्हाणीघरात पडली आणि खुब्यातून गेली." त्या संध्याकाळी तो न्हाणीघरात टाकायला खरबरीत रबराची चटई घेऊन घरी गेला. भिंगरी चटईला अडखळली. पडली नाही, पण बायकोने चटई गुंडाळून माळ्यावर टाकली आणि म्हणाली, "शनिवारी तुम्हीच जा तिला घेऊन. डोळ्यांनी बघा आणि काय ते एकदाचं सांगून टाका. हो म्हणा, नाही म्हणा, पण तिला असं लोंबकळत ठेवू नका."

"आणि तू?"

"माझं झालंय तिथलं," बायको म्हणाली. काय झालंय ते मात्र सांगितलं नाही.

शनिवारी तो पाठीवर पिशवी अडकवून हॉलमध्ये शिरला. पिशवीत कापूस होता, पट्ट्या होत्या, गळ्यात हात अडकवायची झोळी होती. जमिनीवर जाड गाद्या अंथरल्या होत्या आणि पोरं त्यांवर धपाधप पडत होती. पहिल्याच आवाजाला तो बाकावरून उठून उभा राहिला. दुसऱ्यालाही. बाकीचे आईबाप आपापल्या मोबाईलमध्ये होते.

शिकवणारी एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई होती. मुलं तिला ताई म्हणत. तिने पिशवीकडे पाहिलं.

"ह्यात काय आणलंत?"

"थोडं सामान," तो म्हणाला आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "इथे मुलांना लागतं का हो?"

"लागतं," ताई म्हणाली. "मुरगळतं, निळं पडतं. एकीचं गळ्याचं हाडही मोडलं होतं. माझा स्वतःचा हा खांदा नीट वर जात नाही."

तिने खोटं सांगितलं असतं तर तो तिथूनच मुलीला घेऊन परतला असता. घाबरवलं असतं तरी परतला असता. तिने दोन्ही केलं नाही, आणि तो गोंधळून पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत उभा राहिला.

"सुरुवातीला आम्ही फक्त पडायलाच शिकवतो," ताई म्हणाली. "कुणी कुणाला आपटत नाही. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, आणि मागे जाताना हात टेकायचा नाही, पाठ टेकली की मग दोन्ही हात गादीवर आपटायचे. सगळ्यांचा हात आधी जमिनीकडे जातो आणि मनगट जातं."

"माहीत आहे," तो म्हणाला. अशी किती मनगटं त्याच्या मांडीवरून गेली होती.

"मग बरंच झालं. आमच्याकडे नियम आहे. मुलाला घालायचं की नाही हे ठरवण्याआधी पालकांनी एकदा पडायचं."

"कुणी?"

"पालकांनी. तुमच्या मिसेस मागच्या वेळी पडून गेल्या. छान पडल्या. लाजल्या नाहीत."

आता बायकोचं काय झालं होतं ते त्याला कळलं. आणि हेही कळलं की दोघी मायलेकींनी मिळून आपल्याला इथे आणून सोडलं आहे. त्याने बूट काढले. एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. गादीवर पाय ठेवला तर ती पायाखाली हलली. पडलेल्यांच्या संगतीत त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं, पण मोठेपणी स्वतः पडल्याचं त्याला एकदाही आठवेना. तो जिना कठडा धरून उतरायचा. ओल्या फरशीवरून लांबून वळसा घ्यायचा. आता ताईने सांगितल्याप्रमाणे तो उकिडवा बसला आणि बसूनच राहिला. मागे एक बाई आपल्या पाळीची वाट बघत उभी होती.

भिंगरी त्याच्या शेजारी येऊन उकिडवी बसली.

"हे बघ, बाबा. आधी मी."

आणि ती मागे गेली. धप्प आवाज झाला, तिचे दोन्ही हात गादीवर सपकन बसले, आणि ती तशीच उताणी पडून त्याच्याकडे बघत म्हणाली, "मला काही झालं का?"

कित्येक दिवसांत तिचा चेहरा असा दिसला नव्हता. गाल लाल झाले होते, केस तोंडावर आले होते, आणि त्याला वाटलं, ही हिला हवी असलेली गोष्ट आहे. हे त्याला इतकं लख्ख कळलं की आणखीच भीती वाटली. त्याने हनुवटी छातीला लावली, हात पोटाशी घट्ट धरले आणि डोळे मिटून मागे गेला.

आवाज त्याच्या अंगाच्या मानाने फारच मोठा झाला. दोन पोरं हसली. छतावरचा पंखा हळूहळू जागेवर आला. भिंगरी त्याच्यावर वाकली होती. तिने कपाळावर आठ्या घातल्या होत्या, अगदी त्याच्यासारख्या.

"कुठे दुखतंय? एका बोटाने दाखव."

त्याने बोट उचललं. पाठ बघितली, मान बघितली, खांदा बघितला. बोट हवेतच राहिलं. दुखत होतं हे नक्की, पण नेमकं कुठे ते सापडेना. मग बोट खाली आलं आणि त्याचा अख्खा तळहात छातीवर पसरला.

भिंगरीने त्या हाताकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून सगळं शिकलेली होती.

"मग काही मोडलेलं नाही," ती म्हणाली. "ऊठ. मागे काकू थांबल्यात."

आणि तिने हात पुढे केला. बारीक मनगट, वरचं हाड जरासं उठून दिसणारं. ह्या मनगटाला कापूस किती लागेल, पट्टी किती लागेल, हे त्याच्या मनात आलंच. एरवी तो कोपरावर रेटा देऊन आपला आपण उठला असता. आज त्याने ते मनगट धरलं, आणि त्यावर सगळा भार टाकून तो उठला.