भाग न जाणारी संख्या

आरशावर आकडे लिहायला आमच्या मास्तरांना काय धाड भरली होती देव जाणे. सकाळी टॉवेल द्यायला न्हाणीघरात डोकावले, तर वाफेने धुरकटलेल्या आरशावर हे बोटाने लिहीत होते: ४८७०२६१२५७. मला बघताच तळहाताने फराफरा पुसून टाकलं. चोराच्या मनात चांदणं.

पण मी शिवणकाम करणारी बाई. गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असतात माझी, दहा आकडे काय घेऊन बसलात. मशीनवर बसूनच मी तो नंबर फिरवला. असा नंबर अस्तित्वात नाही म्हणे. म्हणजे पाणी आणखीच खोल मुरत होतं. जन्मभर शाळेत गणित शिकवून घरी बसलेला माणूस, हल्ली मी खोलीत आले की गप्प होतो. कोपऱ्यापर्यंत फिरायला जातो तो दोन-दोन तास येत नाही. नणंदेला फोन केला, तर म्हणते, "दादा तसा नाही गं." भाऊ कुणाचाच तसा नसतो.

दुपारी जेवताना सरळ विचारलं, "कोण आहे ती?"

"कोण?"

"आरशावरची." मी आख्खा नंबर म्हणून दाखवला.

त्यांचा चेहरा उतरला. "अगं, मूळ संख्या आहे ती. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. रोज एखादी मोठी संख्या घेऊन तपासतो. डोकं गंजू नये म्हणून."

माझं टाळकंच सरकलं. लग्नानंतर याच माणसाने मला भाजी निवडता निवडता शिकवलं होतं, की अंकांची बेरीज तीनच्या पाढ्यात आली तर संख्येलाही तीनने भाग जातो. बेरीज मी मनातच केली. बेचाळीस. थाप मारायची तर निदान आपल्या विषयात तरी नीट मारावी.

वर्तमानपत्राच्या कडेला संख्या लिहून मी पेन्सिल पुढे सरकवली. "करा बेरीज."

त्यांची एक्केचाळीस आली. "बघ, नाही जात."

"पुन्हा करा."

अडतीस आली. तिसऱ्यांदा ते मध्येच थांबले, मागे गेले आणि ताटाआड हात लपवून बोटांवर मोजू लागले. दोन-दोन तास हे फिरत होते, की घराचा रस्ता शोधत होते?

पेन्सिल घेऊन मी एकेक अंक मोठ्याने मिळवला.

"बेचाळीस," ते खुशीत म्हणाले. "जातो की तीनने."

मग त्या आकड्यांकडे बघतच राहिले. कपाळाला आठी पडली. माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "हा नंबर कुणाचा आहे?"

बाई असती तर किती बरं झालं असतं. झिंज्या उपटल्या असत्या मी तिच्या.

"माझाच आहे," मी म्हणाले. "जेवा तुम्ही, गार होतंय."