नौशीनच्या गोष्टीला कच्चा टाका

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. पाय बिडाचे, अंग काळं आणि त्यावरची सोनेरी वेलबुट्टी पार पुसलेली. नूरजहांअम्मीच्या लग्नात तिच्या माहेरहून कराडला आले, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका मला हात लावून बघायच्या. पुढं रेडिमेड कपड्यांचे दिवस आले नि माझ्या डोक्यावर औषधाच्या बाटल्या, जुन्या पिशव्या असं काहीबाही साठू लागलं. वाईट वाटायचं. का नाही वाटणार? पण ईद आणि लगीनसराई आली, की अम्मी अजून मला उघडते.

तिची लेक नौशीन डेअरीच्या दूध संकलन केंद्रात काम करते. गेल्या वर्षी बढतीची मुलाखत दिली नि हात हलवत परत आली. साहेबांनी विचारलं होतं, "एखादा अवघड प्रसंग सांगा." ही आपल्याकडच्या रीतीनं माणसांची ओळख करून देत बसली. कोण कुणाचा मेहुणा, कुठल्या गावचा! प्रसंग यायच्या आत वेळ संपली. यंदा दुसरी संधी होती. ती हुकली, की पर्यवेक्षक बाहेरून येणार. म्हणजे त्याला काम शिकवायचं नौशीननं आणि राबायचंही त्याच्याच हाताखाली!

मुलाखतीच्या आदल्या दुपारी अम्मी माझ्यावर झंपर शिवत होती. नौशीन शेजारी बसून तालीम करत होती.

"लाइट गेली. मग मी मासळीबाजारातल्या बादशहाभाईंना फोन केला. बादशहाभाई म्हंजे शिराळ्याच्या खालाचे दीर, त्यांची थोरली..."

अम्मीनं माझं चाक धरलं. "आगं ए! साहेबाला सोयरीक जमवायची हाय व्हय?"

मला हसूच आलं.

"मग कुठनं सुरू करू?" नौशीन रडकुंडीला आली.

"दूध नासायला आलं तिथनं. झंपर आधी कच्चा टाका घालून अंगावर चढवून बघतो का न्हाई? तशी गोष्ट सांग. जास्तीचं मी उसवते."

नौशीन सांगत गेली, अम्मी थांबवत गेली. खाला मावशी गोष्टीतून गेल्या, दीरही गेले. लाइट गेली, जनरेटरही बंद पडला, गावाचं दूध नासणार होतं, नौशीननं मासळीबाजारातनं बर्फाच्या लाद्या मागवून दुधाचे कॅन त्यात उभे केले नि दूध वाचलं, एवढं उरलं.

"आनि लय भ्याली हुतीस, ते का गाळलंस?" अम्मी म्हणाली. "ते बी सांग. खरं हाय."

आठवड्यानं नौशीन पेढे घेऊन घरी आली. पर्यवेक्षक झाली पोरगी! अम्मीनं तिला छातीशी धरलं. माझा तर ऊर भरून आला.

डोळे पुसून नौशीन म्हणाली, "अम्मी, आता तुझं सांग की."

"माजं काय असतंय? कपडे शिवले."

"अब्बा गेले तवा मी एवढीशी होते. कसं निभावलंस?"

अम्मीनं पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. मग हळूहळू बोलायला लागली, आणि दिवेलागण झाली तरी बोलतच राहिली. मला ते सारं ठाऊक होतं, मित्रांनो. पण आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

माझं म्हणाल, तर मला तेलाचे दोन थेंब पुरतात. तुमच्या आईजवळ मात्र आज बसा, तिला विचारा, आणि ती सांगत असेल तोवर उठू नका.