उन्हात न दिसणारा हिरवा

माझ्या पिशवीत पाच रेझिस्टर, दोन डायोड, एक मीटर आणि एक पक्कड होती. १९७९चा एप्रिल. यवतच्या स्टँडवरून चालत विहिरीवर पोचलो तेव्हा विहिरीतून दोराने बादली ओढणाऱ्या यारीचं इंजिन धडधडत होतं आणि भिमाजीमामा खाली खोदत होते. इंजिनाच्या आवाजात खालची हाक वर येत नाही, म्हणून काठावरच्या खांबाला मी पुण्याहून आणलेला दोनरंगी एलईडी, म्हणजे एक चिमुकला दिवा, लावला होता. त्याचा खटका खाली मामांजवळ. हिरवा म्हणजे काम चालू, लाल म्हणजे वर घ्या. दोन्ही रंग त्याच दोन वायरींवर. करंटची दिशा उलटली की रंग बदलतो.

मला दिवा विझलेला दिसला.

"सोपानराव, दिवा बंद आहे."

यारीवर बसलेले सोपानराव हसले. "बंद न्हाई, हिरवाच हाय. उन्हात दिसत न्हाई त्यो. लाल झाला की लगेच कळतंय. कालिजात ह्ये शिकिवलं न्हाई व्हय?"

मी दिव्याभोवती तळहातांचा आडोसा केला आणि डोळा लावला. हिरवा नव्हता. लालही नव्हता.

"दोर वर घ्या!"

"अरं, खुणेबिगर कसा..."

"घ्या म्हणतो ना!"

दोर ताणला. भार होता. मामा बादलीत उभे राहून वर आले, हातात तुटक्या वायरीसकट खटका. छातीपर्यंत भिजलेले, नडगीतून रक्त. दगड सुटून वायर तुटली होती आणि झरा फुटून पाणी चढत होतं.

"खटका दाबून दाबून बोट मोडायची पाळी आली," ते सोपानरावांना म्हणाले. "जेवाय बसला व्हता काय?"

"मला वाटलं, हिरवा हाय."

"पहारी खाली ऱ्हायल्यात. पर हिरवा उन्हात दिसल तवाच मी उतरंन. न्हाईतर तुमी उतरा."

मी वायर सांधली. दोन्ही रंगांना मिळून करंट आवरणारा एकच रेझिस्टर होता, एक हजार ओहमचा. लालला तेवढा करंट पुरतो, हिरव्याला पुरत नाही. त्याला समांतर मी चारशे सत्तर ओहमचा दुसरा जोडला आणि त्याच्या पुढे डायोड, म्हणजे ही जादा वाट फक्त हिरव्याच्या दिशेने उघडेल. घाईत डायोड उलटा बसला. लाल भगभगला, हिरवा तसाच मंद. डायोड फिरवून पुन्हा पीळ दिला.

"दिसतोय!" सोपानराव यारीवरून ओरडले.

मी वायर उपटली. "आता?"

"आता काईच न्हाई."

"मंग काय करायचं?" मामांनी विचारलं.

"दोर वर घ्यायचा."

मामांनी नडगीला फडकं बांधलं, बादलीत पाय ठेवला. मी वायर जोडून मीटर लावला. त्यांनी खटका एकदा इकडे, एकदा तिकडे केला.

लाल, सात मिलिअँपिअर. हिरवा, वीस.