मुठीपर्यंत

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही. टोच्याला कुठलं आलंय रक्त, असं म्हणाल. पण ज्याचं आयुष्य टोचण्यात गेलं, त्याला फडताळात पडून राहणं कसं जमावं? मी एक जुना टोच्या आहे. बोटभर पोलादी सळई, पुढे अणकुचीदार टोक, मागे लाकडी मूठ. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका लोहाराने मला घडवलं आणि तोर्गायर नावाच्या सुताराने मला उचललं, तेव्हा तो विशीत होता.

आमच्याकडे घरं लाकडाची आणि पाऊस बारमाही. रंग दिलेलं लाकूड वरून छानच दिसतं. आत काय आहे ते मी सांगायचो. तोर्गायर मला तुळईला टेकवून दाबायचा. मी अडलो तर लाकूड धड, आत शिरलो तर कुजकं. दुरुस्तीचा अंदाज त्याने माझ्याशिवाय कधी दिला नाही. आणि आधी मला घरमालकाच्या हातात द्यायचा. "माझ्यावर कशाला विश्वास ठेवता? आपल्या हाताने टोचून बघा," म्हणायचा. लोक त्याचं नाव आदराने घ्यायचे. मीही थोडा शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग ते शेवटचं वर्ष आलं. तोर्गायरचे हात थरथरू लागले होते. त्याने स्वतःच्याच घराच्या पश्चिमेच्या भिंतीखालच्या तुळईत मला दाबलं आणि मी लोण्यात शिरावं तसा आत गेलो.  मग त्याने भोकात पुट्टी भरली, अंगठ्याने दाबली, वर पांढरा रंग दिला. आत येऊन बायकोला, आल्फहिल्डला, म्हणाला, "भिंत ठणठणीत आहे." मला पुसताना मात्र पुटपुटला, "उन्हाळ्यात करू." तो उन्हाळा त्याने पाहिला नाही.

नऊ वर्षं मी फडताळात दोऱ्याच्या रिळांबरोबर पडून होतो. पश्चिमेचा पाऊस झोडपू लागला की माझा जीव खालीवर व्हायचा. मला टोक होतं, पण कुणाचा तरी हात हवा ना.

यंदा त्याच भिंतीतली स्वयंपाकघराची खिडकी उघडेना. दोघांनी येऊन अंदाज दिले. पहिल्याने दोन वॅफल खाल्ले, भिंतीवर थाप मारली आणि एकच ओळ लिहून दिली: दुरुस्ती व रंग, सगळं मिळून एवढे. दुसरी सुन्निव्हा, तरुण सुतारीण. ती तासभर घराखालच्या पोकळीत सरपटत होती, कॉफीलाही थांबली नाही. तिचा कागद दोन पानी आणि आकडा चौपट. त्यात लिहिलं होतं की खालची तुळई किती कुजली आहे ते भिंत उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. फार तर इतका खर्च वाढेल आणि तोही तुम्हाला विचारूनच.

तोर्गायरचा धाकटा भाऊ ओड्वार ते वाचून हसला. "वहिनी, हिला स्वतःलाच माहीत नाही काय करायचंय, आणि वर चौपट मागते. म्हातारी एकटी बघून गंडवते आहे तुला."

"तोर्गायरनं भिंत स्वतः तपासली होती," आल्फहिल्ड म्हणाली. "तो ठणठणीत म्हणाला, म्हणजे आहे."

मी आतल्या आत तडफडत होतो. कुजक्या तुळईवर रंग फासला गेला, तर एखाद्या हिवाळ्याच्या वादळात ती भिंत बसणार आणि आल्फहिल्डचं घर सुटणार. आणि घर वाचवायचं तर माझ्याच मालकाला खोटं पाडायचं.

फोनवर नाही म्हणणं आल्फहिल्डला बरं वाटेना, म्हणून तिने सुन्निव्हाला घरी बोलावलं. ओड्वारही आला होता. नकार ऐकून सुन्निव्हाने मान हलवली. "काम नका देऊ, आजी. पण सुताराचं घर हे, टोच्या असेलच. एकदा आपल्या हाताने टोचून बघा."

हे तोर्गायरचे शब्द आल्फहिल्डने ओळखले. मग तिने फडताळ उघडलं.

बाहेर पावसात दुखरे गुडघे टेकून तिने मला पश्चिमेच्या भिंतीखाली दाबलं. क्षणभर वाटलं, अडावं. तोर्गायरची लाज राखावी. पण मित्रांनो, अडणं माझ्या हातात नसतं. रंग तडकला आणि मी मुठीपर्यंत आत गेलो.

तिने मला ओढून काढलं तेव्हा पुट्टीचा एक गोळा तिच्या तळहातावर पडला. त्यावर अंगठ्याचा खळगा होता. तिने त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. "लबाड," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. ओड्वारने भर पावसात टोपी काढली.

"कधी सुरू करशील, पोरी?" डोळे पुसत तिने सुन्निव्हाला विचारलं.

आता मी दाराशी खिळ्यावर असतो. शेजारीपाजारी मला मागून नेतात. मित्रांनो, तुमच्या घराचा अंदाज द्यायला कुणी आलं, तर आकडा मागाहून बघा. टोच्या तुमच्या हातात द्यायला तो तयार आहे का, ते आधी बघा. आणि घरच्याच प्रेमाच्या माणसाने ठणठणीत म्हटलं असेल, तिथेही एकदा टोचा. मला नऊ वर्षं कोंडून ठेवू नका.

पुट्टीचा तो गोळा आल्फहिल्डने फेकला नाही. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे. खिडकी आता उघडते.